नवी आवृत्ति आणि सरावलेला हात

ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघाली म्हणून पहिल्या आवृत्तीच्या प्रती कोणाच्या कपाटांतून नाहींशा होत नाहींत. ज्याला सुधारलेला मजकूर हवा असेल तो नवी प्रत विकत घेतो. ज्याचें जुन्या प्रतीशीं सख्य जडलें आहे, ज्यानें तिच्या समासांत बारीक अक्षरांत टिपणें केलीं आहेत, तो जुनीच प्रत वाचीत राहतो, आणि दोघांचेंहि कांहीं अडत नाहीं. संगणकावर लेखन करण्याचें जें साधन, ज्यास 'वर्ड प्रोसेसर' हें इंग्रजी नांव आतां घरोघर रूढ झालें आहे, त्याच्याहि आवृत्त्या निघतात. परंतु त्यांची रीत निराळी आहे. येथें नवी आवृत्ति आली कीं जुनी हळूहळू निरुपयोगी होते. सरावाच्या कळा भलतेंच काम करूं लागतात. ओळखीच्या जागा पडद्यावरून नाहींशा होतात. आणि कधींकधीं तर स्वतः लिहिलेला मजकूर स्वतःलाच उघडतां येत नाहीं. या त्रासाबद्दल कुरकुर करणारा मनुष्य बहुधा आळशी किंवा जुनाट ठरविला जातो. सुमारें ४५ वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र हा निकाल घाईचा वाटूं लागतो. कारण या कुरकुरीनें मोठमोठ्या कंपन्यांचीं आसनें डळमळविलीं आहेत, आणि पुष्कळ प्रसंगीं कुरकुर करणाराचेंच म्हणणें खरें ठरलें आहे.

लेखनाच्या यंत्राशीं मनुष्याचा एक अलिखित करार असतो. तो समजण्यासाठीं प्रथम टंकलेखन-यंत्राकडे पाहावें. १८७४ सालीं अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें शोल्सचें टंकलेखन-यंत्र बाजारांत आणलें. त्यावरील इंग्रजी अक्षरांची मांडणी थोड्याफार फरकानें पुढें शंभराहून अधिक वर्षें टिकली. १९०० सालीं टंकलेखन शिकलेल्या कारकुनास १९५० सालच्या यंत्रापुढें बसविलें असतें, तर दोन-चार नव्या दांड्या समजावून घेण्यापलीकडे त्याला फारसें कांहीं शिकावें लागलें नसतें. ही मांडणी सर्वोत्तम होती असें नव्हे. परंतु ती स्थिर होती, आणि बोटांच्या दृष्टीनें स्थैर्य हा मोठाच गुण आहे. बोटें एकदां शिकलीं म्हणजे मन मोकळें होतें. मग लिहिणारा अक्षर कोठें आहे याचा विचार न करतां वाक्य कसें असावें याचा विचार करूं शकतो.

पुढें १९६४ सालीं आय. बी. एम. कंपनीनें चुंबकीय फितीवर मजकूर सांठविणारें टंकलेखन-यंत्र विक्रीस काढलें, आणि त्याच्या प्रसाराबरोबर 'वर्ड प्रोसेसिंग' हा शब्द कचेऱ्यांत शिरला. १९७६ सालीं मायकेल श्रेयर यांनीं लहान संगणकासाठीं 'इलेक्ट्रिक पेन्सिल' ही आज्ञावली, म्हणजे ज्यास व्यवहारांत सॉफ्टवेअर म्हणतात ती, तयार केली. परंतु ज्या आज्ञावलीनें लेखकांच्या हाताला खरी संवय लावली ती 'वर्डस्टार'. सेमूर रूबिन्स्टाइन यांनीं १९७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायक्रोप्रो ही कंपनी स्थापिली, आणि रॉब बार्नबी या कुशल आज्ञावलीकारानें लिहिलेली वर्डस्टार पुढच्याच वर्षीं बाजारांत आली. त्या काळच्या कित्येक कळफलकांवर बाणांच्या कळा नसत. म्हणून वर्डस्टारमध्यें अक्षरांच्या कळांनाच दुहेरी काम दिलें होतें. 'कंट्रोल' नांवाची कळ दाबून धरावयाची; तिच्याबरोबर 'ई' दाबली कीं पडद्यावरील खूण वर जाई, 'एक्स' दाबली कीं खालीं, 'एस'नें डावीकडे व 'डी'नें उजवीकडे. कळफलकावर या चार अक्षरांची आकृति पत्त्यांतील चौकटच्या चिन्हासारखी दिसते. तिच्या दोन बाजूंच्या 'ए' आणि 'एफ' या कळांनीं एकेक शब्द ओलांडतां येई. प्रथमदर्शनीं ही योजना अघोरी वाटे. पण एकदां ती अंगवळणी पडली म्हणजे हात जागचा न हालवितां संबंध लेख लिहितां, फिरवितां आणि दुरुस्त करतां येई. श्रीलंकेंत राहणारे कादंबरीकार आर्थर क्लार्क आणि अमेरिकेंतील प्रसिद्ध संपादक विल्यम बक्ली हे दोघेहि वर्डस्टारवर लिहीत असत.

१९८४ च्या सुमारास मायक्रोप्रो ही लघुसंगणकांच्या आज्ञावल्या विकणाऱ्या कंपन्यांत अग्रभागीं होती. याच वेळीं तिनें 'वर्डस्टार २०००' नांवाचें नवें साधन जाहीर केलें. नांवावरून कोणालाहि वाटावें कीं ही वर्डस्टारचीच सुधारलेली आवृत्ति. वस्तुतः ती निराळीच आज्ञावली होती. नवशिक्यांना लक्षांत ठेवण्यास सोपें जावें म्हणून तींत कळांचे संकेत इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून नव्यानें बसविले होते. या बदलांत तर्क होता, हें कबूल केलें पाहिजे. परंतु जुने संकेत ज्यांच्या बोटांत मुरले होते त्यांना तो तर्क काय कामाचा? त्यांत भर म्हणून फाइलची अंतर्रचना बदललेली. म्हणजे जुना मजकूर नव्या साधनांत आणावयाचा तर त्याचें रूपांतर करणें आलें. वेगहि पूर्वीपेक्षां मंद. आणि प्रारंभींच्या प्रतींना नक्कल-प्रतिबंधाचें कुलूप.

या प्रसंगीं ग्राहकांनीं जो हिशेब केला तो पुढील सर्व इतिहासांत पुनःपुन्हां दिसतो. जुन्या साधनाचा धनी विचार करूं लागला कीं, सारें कांहीं पहिल्यापासून शिकावयाचेंच असेल, तर तें याच कंपनीचें कां शिकावें? प्रतिस्पर्ध्याचें कां शिकूं नये? ग्राहकाला कंपनीशीं बांधून ठेवणारी दोरी म्हणजे त्याची संवय. ती दोरी वर्डस्टारच्या चालकांनीं आपल्याच हातानें कापली. कंपनी सोडून गेलेल्या कांहीं जणांनीं वर्डस्टारचे जुने संकेत जसेच्या तसे ठेवून 'न्यूवर्ड' नांवाचें साधन तयार केलें. मायक्रोप्रोनें अखेर तेंच विकत घेतलें आणि १९८७ सालीं 'वर्डस्टार ४' म्हणून बाजारांत आणलें. जुन्या ग्राहकांना हवें होतें तें हेंच होतें. पण मधलीं वर्षें फुकट गेलीं होतीं आणि बाजार दुसऱ्याच्या हातीं गेला होता. १९९४ सालीं ही कंपनी दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाली.

तथापि साधन मेलें नाहीं. कादंबरीकार जॉर्ज मार्टिन यांनीं २०१४ सालीं दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतींत सांगितलें कीं, ते आपल्या कादंबऱ्या इंटरनेटशीं न जोडलेल्या जुन्या डॉस संगणकावर वर्डस्टार ४ मध्येंच लिहितात. न मागतां अक्षरें बदलणारीं नवीं साधनें त्यांना नकोत. कॅनडांतील विज्ञान-कादंबरीकार रॉबर्ट सॉयर यांचें मत याहून सविस्तर आहे. हातानें लिहितांना लेखक मध्येंच खूण करतो, समासांत टीप टाकतो, पानें मागेंपुढें करतो. वर्डस्टार या क्रियांना मोकळीक देते, उलट नवीं साधनें लेखकाला टंकलेखकाच्या चाकोरींत बसवितात, असें त्यांचें प्रतिपादन आहे. २०२४ सालीं त्यांनीं वर्डस्टारची डॉससाठीं निघालेली शेवटची, सातवी आवृत्ति तिच्या माहितीपुस्तकांसह एकत्र करून सर्वांसाठीं खुली केली. जें जतन करण्याचें काम उत्पादकानें करावयाचें, तें एका ग्राहकाला करावें लागलें!

वर्डस्टारच्या हातून निसटलेला बाजार मुख्यतः 'वर्डपरफेक्ट'कडे गेला. युटा संस्थानांतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे ॲलन ॲश्टन व त्यांचे विद्यार्थी ब्रूस बॅस्टियन यांनीं हें साधन निर्माण केलें. पडदा जवळजवळ कोरा, आणि सारी सत्ता कळफलकाच्या 'एफ१', 'एफ२' इत्यादि कळांच्या हातीं, अशी त्याची व्यवस्था होती. कोणती कळ काय करते तें सांगणारी रंगीत पट्टी कळफलकावर ठेवण्याचा प्रघात होता. त्यांतील विशेष आवडता गुण म्हणजे मजकुराच्या पोटांत दडलेल्या खुणा उघड्या करून दाखविण्याची सोय. अमुक ओळ एकाएकीं ठळक कां झाली, याचें कारण लिहिणाराला डोळ्यांनीं पाहतां येई. १९८९ सालची ५.१ ही आवृत्ति या कलेची परिसीमा मानली गेली.

येथें दोष आवृत्तीचा नव्हता. तिच्या पायाखालची जमीनच हालली. १९९० सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज ३.०' काढलें आणि लोक चित्रमय पडद्याकडे धांवले. वर्डपरफेक्टची विंडोजसाठीं केलेली पहिली आवृत्ति १९९१ च्या अखेरीस आली; ती मंद होती आणि मध्येंच बंद पडे. शिवाय विंडोजच्या शिष्टाचाराप्रमाणें 'एफ१' म्हणजे मदत, आणि वर्डपरफेक्टच्या जुन्या भक्तांच्या बोटांत 'एफ१' म्हणजे 'रद्द करा'. केलेली चूक मागें घेण्यासाठीं ज्या कळेकडे बोट आपोआप जाई, ती आतां विंडोजच्या घरांत माहितीपुस्तक उघडूं लागे. १९९४ सालीं वर्डपरफेक्ट नॉव्हेल कंपनीकडे व १९९६ सालीं कोरेल कंपनीकडे गेलें. या संधीचा फायदा मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड'नें घेतला, आणि त्यानें योजिलेली युक्ति लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वर्डमध्यें वर्डपरफेक्टच्या अभ्यस्तांसाठीं स्वतंत्र मदत ठेविली होती, आणि निळ्या पडद्यावर पांढरीं अक्षरें पाहण्याची जुनी संवय ज्यांना सुटत नसे त्यांच्यासाठीं तशा पडद्याचीहि सोय केली होती. ही निळ्या पडद्याची सोय वर्डच्या २००३ सालच्या आवृत्तीपर्यंत टिकून होती. पाहुण्याला त्याच्या घरच्यासारखें वाटावें म्हणून यजमानानें केलेली ही व्यवस्था होती.

परंतु परक्या घरच्या पाहुण्यांची इतकी बडदास्त ठेवणाऱ्या या कंपनीनें स्वतःच्या जुन्या मंडळींची मात्र सर्वकाळ तितकी काळजी घेतली नाहीं. वर्डची पहिली आवृत्ति चार्ल्स सिमोनी व रिचर्ड ब्रॉडी यांनीं तयार केली व ती १९८३ सालीं निघाली. ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकासाठीं ती १९८५ मध्यें आली. मॅकिंटॉशवरील १९९२ सालची ५.१ ही आवृत्ति चपळ, आटोपशीर आणि नीटस म्हणून विशेष लोकप्रिय झाली. त्यानंतर १९९४ सालीं सहावी आवृत्ति निघाली. विंडोज व मॅकिंटॉश या दोन्हींसाठीं एकाच मूळ आज्ञावलीवरून काम करावें, म्हणजे श्रमाची बचत होईल आणि दोहोंकडे एकदमच सुधारणा पोंचतील, असा कंपनीचा विचार होता. हिशेबाच्या वहींत तो चुकीचा नव्हता. पण परिणाम असा झाला कीं, मॅकिंटॉशच्या ग्राहकांच्या हातीं विंडोजच्या वळणाचें, मंद गतीचें आणि पुष्कळ मेमरी खाणारें साधन पडलें. तक्रारींचा एवढा भडिमार झाला कीं, सहावी आवृत्ति घेतलेल्यांना परत ५.१ देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. पुढें मॅकिंटॉशच्या वळणास अनुसरून सुधारलेली आवृत्ति १९९८ मध्यें आली, तेव्हां कोठें हा राग शमला. विक्रेत्यानेंच गिऱ्हाइकाला पुढून मागें आणून सोडावें, असे प्रसंग व्यापाराच्या इतिहासांत विरळाच.

आतांपर्यंतचे त्रास हाताचे व डोळ्यांचे होते. १९९७ च्या आवृत्तीनें तिसऱ्या प्रकारचा त्रास उघडकीस आणला, तो कागदपत्रांचा. 'वर्ड ९७'च्या फाइलची अंतर्रचना नवी होती, आणि पूर्वीच्या वर्डला ती वाचतां येत नसे. फाइलच्या नांवाचें शेंपूट मात्र दोहोंचेंहि तेंच, 'डॉक'. एखाद्या कचेरींत एकाच खोलींत नवी आवृत्ति आली कीं तेथून निघालेलीं पत्रें शेजारच्या खोलींत उघडत नसत. मग शेजारच्या खोलीलाहि नवी आवृत्ति घेणें भाग पडे, आणि तिच्यामुळें तिच्या शेजारच्या खोलीला. जुन्या रचनेंत फाइल सांठविण्याचा पर्याय नव्या आवृत्तींत दिला होता खरा. परंतु आरंभीं त्यानें तयार होणारी फाइल खऱ्या जुन्या रचनेची नसून 'आर. टी. एफ.' या दुसऱ्याच पद्धतीची असे, व तिला नांव मात्र 'डॉक' असें दिलें जाई. पुढच्या दुरुस्तींत हा दोष काढून टाकला. पण या प्रकरणावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. नवी आवृत्ति घेणें न घेणें हा ज्याच्या-त्याच्या मर्जीचा प्रश्न उरला नव्हता. पत्र लिहिणारानें आवृत्ति बदलली कीं पत्र वाचणारालाहि ती बदलावी लागे. आणि पत्रव्यवहार तर कोणालाच सोडतां येत नाहीं.

यानंतरचा सर्वांत गाजलेला बदल २००७ च्या आवृत्तीचा. त्यामागील कारण समजून घेतल्याखेरीज कंपनीस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. विंडोजवरील पहिल्या वर्डमध्यें साधनपट्ट्या दोनच होत्या. २००३ पर्यंत त्यांची संख्या तिसाच्या वर गेली होती. मेनूंच्या पोटांत मेनू आणि त्यांच्या पोटांत आणखी मेनू अशी स्थिति झाली होती. लोक ज्या नव्या सोयी मागत त्यांतील पुष्कळशा वर्डमध्यें पूर्वींपासूनच होत्या. त्या कोणाला सांपडत नव्हत्या इतकेंच. म्हणून कंपनीनें मेनू काढून टाकले आणि त्यांच्या जागीं 'रिबन' नांवाची रुंद पट्टी आणून सर्व सोयी चित्रांसह मांडून ठेविल्या. नवख्या मनुष्याला याचा फायदा झाला. परंतु ज्यांनीं दहा-पंधरा वर्षें त्याच मेनूंतून वाट काढली होती, त्यांची स्थिति रात्रींतून स्वयंपाकघराचीं फडताळें बदललेल्या गृहिणीसारखी झाली. जिन्नस सगळे घरांतच; पण हिंगाची डबी कोठें आहे तें कोण सांगणार? फाइल सांठविणें, छापणें या रोजच्या आज्ञा कोपऱ्यांतल्या एका वाटोळ्या बोधचिन्हाखालीं दडलेल्या होत्या, आणि तें चिन्ह शोभेचें आहे असें समजून पुष्कळांनीं त्यावर कळ दाबलीच नाहीं. २०१० च्या आवृत्तींत कंपनीनें तें चिन्ह काढून तेथें पुन्हां 'फाइल' हा जुना शब्द लिहिला, आणि रिबनची मांडणी आपल्या सोयीनें बदलण्याची मुभाहि दिली. तीन वर्षांनीं का होईना, ग्राहकांची कुरकुर रास्त होती याची ही कबुलीच होय.

याच सुमारास आणखी एक घटना घडली. सप्टेंबर २००७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ऑफिस २००३ साठीं एक दुरुस्ती-संच पाठविला. हा संच बसविल्यावर कित्येक जुन्या प्रकारच्या फाइली उघडेनाशा झाल्या. जुन्या रचनांतील छिद्रांतून दुष्ट हेतूचा मजकूर संगणकांत शिरूं शकतो, म्हणून ही दारें बंद केलीं, असें कंपनीचें कारण होतें, आणि तें खोटें नव्हतें. पण ज्याच्या संग्रहीं दहा-पंधरा वर्षांचीं टिपणें, पत्रें व हस्तलिखितें होतीं, त्याच्या दृष्टीनें हें घरच्याच पेटीला दुसऱ्यानें येऊन कुलूप घालण्यासारखें झालें. जानेवारी २००८ मध्यें यावर गवगवा झाला, तेव्हां तें कुलूप काढण्याचा सोपा मार्ग कंपनीनें उपलब्ध करून दिला.

हा सर्व इतिहास अमेरिकेंतला. त्याच्याशीं मराठी लेखक-वाचकांचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध आहे, आणि तो अधिक दुःखद आहे. इंग्रजी लेखकाची फाइल उघडली नाहीं तरी तींतील अक्षरें तरी अक्षरेंच असतात. मराठीची गोष्ट तशी नव्हती. १९९१ सालीं भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' नांवाची संकेत-प्रणाली राष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि १९८८ सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तिच्या प्रसारासाठीं पुष्कळ खटपट केली. परंतु छपाईच्या व्यवसायांत निरनिराळ्या कंपन्यांचे खासगी फॉन्टच रुळले. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसविलेले असत: कोठें काना, कोठें वेलांटी, कोठें अर्धा 'त'. संगणकाच्या मतें तो मजकूर रोमनच. मराठी होता तो फक्त वरचा मुखवटा. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला कीं मुखवटा गळून पडे आणि संबंध कादंबरीच्या जागीं रोमन अक्षरें व चिन्हें यांचा चिवडा दिसे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीच्या फॉन्टमधला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्यें वाचतां येत नसे.

यावर तोडगा आला तो 'युनिकोड' या जागतिक संकेत-प्रणालीचा. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालची असून देवनागरीची मांडणी तींत इस्कीच्या धर्तीवर केलेली आहे. विंडोज २००० मध्यें देवनागरी जोडाक्षरें नीट दाखविण्याची व्यवस्था झाली. हा बदल निःसंशय हिताचा होता. आज मराठी मजकूर शोधतां येतो, पाठवितां येतो, कोणत्याहि संगणकावर वाचतां येतो, तो यामुळेंच. परंतु हिताचा बदलहि किंमत घेतल्यावांचून राहिला नाहीं. 'मार्मिक' हा एक साधा शब्द घ्यावा. जुन्या फॉन्टांत तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमानें सांठविलेला असे: 'मा', मग ऱ्हस्व वेलांटी, मग 'म', मग त्याच्या डोक्यावरचा रफार, आणि शेवटीं 'क'. युनिकोडांत तो उच्चाराच्या क्रमानें असतो: 'मा', मग पाय मोडलेला 'र', मग 'म', मग वेलांटी, मग 'क'. वेलांटी मागून पुढें आणि रफार पुढून मागें न्यावयाचा. हें काम करणाऱ्या रूपांतर-यंत्राची एक चूक झाली कीं पानापानांवर भुतें नाचूं लागतात. 'ॲ' या मराठी अक्षराला तर युनिकोडांत २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीपर्यंत स्वतंत्र स्थानच नव्हतें. तोंवर कोणी 'ऍ' लिही, कोणी 'अ'वर चंद्र काढी. डोळ्यांना सारखीं दिसणारीं हीं रूपें संगणकास भिन्न वाटतात, आणि एका रूपानें शोध घेतला तर दुसऱ्या रूपांत लिहिलेला शब्द सांपडत नाहीं.

छापखान्यांची अडचण याहून निराळी. पृष्ठरचनेसाठीं आपल्याकडे घट्ट रुजलेलें 'पेजमेकर' हें साधन. त्याची अखेरची, सातवी आवृत्ति २००१ सालीं निघाली, आणि देवनागरी युनिकोड तिला कधींच आलें नाहीं. म्हणून डी. टी. पी. करणाऱ्या अनेकांनीं एक जुना संगणक मुद्दाम जपून ठेविला. लेखकानें युनिकोडांत लिहिलेला मजकूर यावा, तो पुन्हां जुन्या फॉन्टांत उलटा फिरवावा, त्या फिरविण्यांत पडलेल्या चुका मुद्रितें तपासतांना काढाव्यात, आणि मग पुस्तक छापावें, असा द्राविडी प्राणायाम कित्येक वर्षें चालला. यास कोणी अडाणीपणा म्हणेल. पण ज्याच्या दुकानांत हजारों पानांचा संग्रह जुन्या फॉन्टांत आहे, ज्याचें पोट रोजच्या पानांवर अवलंबून आहे, त्यानें एका रात्रींत सर्व बदलावें ही अपेक्षाच अव्यवहार्य होती.

कंपन्यांची बाजूहि ऐकली पाहिजे. आज्ञावली ही झिजणारी वस्तु नव्हे. जोडा फाटतो, म्हणून चांभाराला दुसरें काम मिळतें. आज्ञावली फाटत नाहीं. एकदां विकलेल्या वस्तूवर कामगारांचा पगार पुढें कोठून द्यावयाचा, तर पुढच्या आवृत्तीच्या विक्रींतून. आणि पुढची आवृत्ति विकावयाची तर ती नवी दिसली पाहिजे. येथेंच खरा विरोध आहे. विकणाराला नावीन्य दिसावयास हवें असतें, लिहिणाराला साधन न दिसावयास हवें असतें. ज्या क्षणीं लिहिणाराचें लक्ष वाक्यावरून उडून साधनाकडे जातें, त्या क्षणापुरतें तें साधन अपेशी ठरलें. अलीकडे वर्षाकांठीं वर्गणी घेऊन साधन वापरावयास देण्याची पद्धति आली. २०११ सालीं सुरू झालेली 'ऑफिस ३६५' ही तिची ठळक सुरुवात. तिनें कंपनीचा पगाराचा प्रश्न सोडविला. पण पूर्वीं ग्राहकाला जो एक अधिकार होता, नवी आवृत्ति न घेण्याचा, तो या पद्धतींत फार आकसला. आतां बदल दारांत येऊन विचारीत नाहीं. तो रात्रीं येतो आणि सकाळीं कळतो.

या इतिहासांतून निष्पन्न होणारी गोष्ट एवढीच नव्हे कीं जुनें तें सोनें. युनिकोडाला विरोध करणारा मराठीचें अहित करील, आणि मेनूंचें तें रान तसेंच वाढूं दिलें असतें तर नवख्यांचे हाल झाले असते. प्रश्न बदलाचा नसून बदलाच्या रीतीचा आहे. वर्डस्टार ४ नें जुने संकेत राखून नव्या सोयी दिल्या, वर्डनें वर्डपरफेक्टच्या लोकांना त्यांच्या रंगाचा पडदा दिला; हे बदल लोकांनीं खुषीनें स्वीकारले. उलट जेथें हात, डोळा आणि जुना मजकूर यांपैकीं एकाचीहि दखल न घेतां बदल लादला गेला, तेथें कंपनीला एक तर मागें यावें लागलें, नाहीं तर ग्राहक गमवावे लागले. जुनी फाइल उघडली पाहिजे, जुनी वाट निदान कांहीं काळ तरी नव्या वाटेशेजारीं चालूं राहिली पाहिजे, आणि कधीं निघावयाचें हें चालणाराला ठरवितां आलें पाहिजे, या तीन अपेक्षा अवास्तव नाहींत.

ज्यांना लिहावयाचें आहे त्यांनीं मात्र कंपन्यांच्या सद्‌बुद्धीची वाट पाहात बसण्याचें कारण नाहीं. महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत अलंकाराविना, निव्वळ साध्या मजकुराच्या रूपांत युनिकोडांत ठेवावी. अशी फाइल वाचण्यास कोणत्याहि एका कंपनीची परवानगी लागत नाहीं. जुन्या फॉन्टांत पडून असलेला संग्रह, तो फॉन्ट आणि तो वाचणारा संगणक चालू आहेत तोंवरच रूपांतरित करून घ्यावा, आणि रूपांतर झाल्यावर मूळ पानाशीं ताडून पाहावा. आणि जें खरोखर टिकावें असें वाटतें, तें एकदां कागदावर छापून ठेवावें. कागदाची आवृत्ति जुनी होते. पण ती उघडत नाहीं, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाहीं.